उलियटच्या कोपऱ्यावरचं उत्तर

पत्र आलं तेव्हा थेल्मा हार्कर ओटची लापशी ढवळत होती. एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात पत्र धरून तिने ते वाचलं, मग डाव खाली ठेवून पुन्हा वाचलं, आणि तेवढ्यात लापशी बुडाला लागली.

गार्थबी सायकल क्लबच्या समितीने एकमताने ठरवलं होतं की मे महिन्यातली शंभर किलोमीटरची राईड यंदापासून विल्फ हार्करच्या नावाने ओळखली जाईल. गावच्या हॉलबाहेर दगड बसेल. दगडावर अक्षरं असतील, ‘विल्फ हार्कर, ज्याने या टेकड्यांतल्या वाटा शोधल्या.’ दगडावरची चादर विल्फच्या पत्नीने स्वतःच्या हाताने दूर करावी, आणि नेहमीप्रमाणे चहाचंही तिनेच बघावं, अशी नम्र विनंती होती.

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विल्फला जाऊन सहा महिने झाले होते, त्याचे बूट अजून दाराशी होते, आणि ती रोज त्या बुटांना अडखळून रोज डोळे पुसत होती. पण त्या सकाळी तिने ते बूट उचलले आणि मागच्या शेडमध्ये भिरकावले.

“वाटा शोधल्या म्हणे!” ती रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडली. “याला स्वतःच्या घराचा संडास शोधायला कंदील लागायचा!”

आणि ते खरंच होतं. विल्फ चांगला होता, देखणा होता, चढावर त्याचे पाय इंजिनासारखे चालायचे, आणि दारूच्या गुत्त्यात त्याच्याभोवती नेहमी चार माणसं हसत उभी असायची. दिशा मात्र त्याला कळायची नाही. थेल्मा एकोणीस वर्षांची असताना यॉर्कशरच्या या टेकड्यांत लाल सायकलवरून टपाल वाटायची. कुठल्या शेतातला कुत्रा चावतो, कुठली गल्ली नकाशात बंद दिसते पण खळ्यातून आरपार जाते, पाऊस पडला की कुठल्या उतारावर खडूची माती वाहून येऊन चाक घसरतं, हे तिला पाठ होतं. एके दिवशी चौकात एक तरुण नकाशा उलटा धरून उभा दिसला.

“अहो, हगेटला कुठल्या रस्त्याने जायचं?”

“तुम्ही हगेटमध्येच उभे आहात.”

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. त्या दिवसापासून विल्फ कुठेही निघाला की थेल्मा आधी कागदावर वाट लिहून द्यायची. इथे डावीकडे, मोडक्या फाटकापाशी उजवीकडे, चर्च दिसलं तर चुकलास, परत फीर.

चौऱ्याऐंशी साली क्लबला स्वतःची लांब राईड काढायची होती. ती वाट थेल्माने आखली. दोन हिवाळे ती एकटी हिंडली. चढ सगळे दुपारच्या जेवणाआधी संपले पाहिजेत. समुद्राकडचा वारा सकाळी तोंडावर चालेल, पण घरी येताना तो पाठीशीच हवा. पंचेचाळिसाव्या किलोमीटरला माणसाची जीभ बाहेर येते, तर बरोबर तिथे चहा आणि केक मिळाला पाहिजे. आणि थिक्सनडेलच्या वरच्या अंगाला, जिथे सगळे नकाशे माणसाला ट्रकच्या मोठ्या रस्त्यावर ढकलतात, तिथे उलियटच्या शेताच्या कोपऱ्यावरून टपालाची जुनी गल्ली पकडायची. खळ्यातून पलीकडे गेलं की चार मैल नुसता उतार. कोरडी घळ, दोन्हीकडे गवताच्या टेकड्या आणि मेंढ्या, मोटारीचं नाव नाही. त्या चार मैलांसाठी लोक स्कॉटलंडहून यायचे.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्यावर क्लबच्या सभासदाचं नाव आणि क्रमांक लागत होता. घरात वर्गणी एकच भरायची रीत होती, आणि ती नवऱ्याच्या नावावर. बायका चहाच्या यादीत. थेल्माने पेन उचललं आणि लिहिलं, डब्ल्यू. हार्कर. आपल्याच हाताने, आपल्याच अक्षरात. या गोष्टीचा राग तिला सगळ्यांत जास्त होता, कारण तो दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता.

पुढे एका सायकलच्या मासिकात छापून आलं की, अशी वाट फक्त तोच पुरुष आखू शकतो ज्याला जमीन वाचता येते. अठ्ठ्याण्णव साली क्लबच्या वार्षिक जेवणात विल्फला चांदीचा कप मिळाला. तो उभा राहिला आणि म्हणाला, “काय सांगू मित्रांनो, या टेकड्या माझ्याशी बोलतात.” टाळ्या पडल्या. शेजारच्या खुर्चीत थेल्मा मटण कापत होती. कापता कापता सुरी बशीवर इतकी जोरात घासली की समोरचा माणूस दचकला.

घरी येताना ती म्हणाली, “टेकड्या बोलतात होय रे तुझ्याशी? मग हगेटला का नाही बोलल्या?”

“अगं, तुझं-माझं असं काही असतं का आपल्यात?”

“नसतं ना? मग एकदा माझं नाव घे की.”

“पुढच्या वर्षी नक्की.”

अशी वीस पुढची वर्षं गेली. मग नोव्हेंबरात विल्फ गेला आणि पुढचं वर्ष म्हणून काही उरलंच नाही.

रविवारी दुपारी समिती हॉलमध्ये बसली होती. सात पुरुष, चिखलाचे मोजे, फरशीवर टकटक वाजणारे सायकलचे बूट. थेल्मा आत आली आणि तिने अकरा वह्या टेबलावर आपटल्या. पस्तीस वर्षांच्या वह्या. प्रत्येक वळण, प्रत्येक फाटक, कुठल्या साली कुठला पूल वाहून गेला आणि त्याला कुठून वळसा घातला, सगळं.

“ही वाट माझी आहे,” ती म्हणाली. “विल्फने त्यातलं एक वळणसुद्धा शोधलेलं नाही. दगडावर नाव घालायचंच तर माझं घाला. नाहीतर दगड बसवूच नका.”

अध्यक्ष डेनिस सॉवर्बी याने वही उघडली. डेनिस आयुष्यभर विमा विकत आला होता, आणि कुणाच्याही घरात मयत झालं की त्याच्या चेहऱ्यावर जो एक मऊपणा यायचा तो आताही आला.

“किती सुरेख अक्षर आहे गं तुझं,” तो म्हणाला. “विल्फ सांगायचा आणि तू उतरवून घ्यायचीस, नाही का?”

थेल्माला वाटलं, ही वही याच्या टकलात हाणावी.

“डेनिस, तुला ऐकू येतंय ना? तो सांगायचा नाही. मी सांगायचे. तो फक्त पाय मारायचा.”

मागे कुणीतरी हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. खजिनदार म्हणाला, “विल्फ असता तर यावर काय फिरकी घेतली असती!” मग सगळेच हसले.

डेनिसने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “हे बघ थेल्मा, सहाच महिने झालेत. माझी बहीण मेहुणा गेल्यावर भिंतीशी बोलायची. दुःखात माणसाचं असं होतं. तू घरी जा, जरा पड. आणि दगडाची ऑर्डर कधीच गेलीय, अक्षरंसुद्धा कोरून झालीत.”

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. विल्फ जिवंत असताना यांतल्या चौघांनी त्याच्या पाठीमागे तो बाता मारतो म्हणून नावं ठेवली होती, आणि आता त्याचा दगड होणार होता. थेल्मा वह्या गोळा करू लागली. रागाच्या भरात एक वही तिच्या हातून निसटून खाली पडली. बघणाऱ्यांना वाटलं, म्हातारपण.

“आणि हो,” डेनिस म्हणाला, “कार्डं तू छापशीलच ना नेहमीसारखी? प्रश्न विल्फच्या वहीतला एखादा घाल.”

ही कार्डांची गोष्ट कळायला हवी. या राईडला शर्यत म्हणत नाहीत. पहिला कोण आला हे कुणी विचारत नाही, पण अख्खी वाट प्रामाणिकपणे पुरी केली का, हे मात्र काटेकोर बघतात. प्रत्येकाजवळ एक कार्ड असतं. चहाच्या ठिकाणी त्यावर शिक्का बसतो. जिथे शिक्का मारायला माणूस नाही, अशा आडजागी कार्डावर एक प्रश्न असतो. फाटकावरचा नंबर काय, चर्चच्या घड्याळाखाली काय कोरलंय, असा. तिथे गेल्याशिवाय उत्तर मिळत नाही. उत्तर लिहिलं नाही तर राईड धरत नाहीत आणि वर्षाच्या पुस्तकात नाव लागत नाही. पाच वर्षांपूर्वी हल शहरचा एक सुतार भर पावसात शंभर किलोमीटर मारून आला होता. बोटं गारठल्यामुळे त्याला उत्तर लिहिता आलं नव्हतं. त्याने ते तोंडी सांगितलं आणि ते बरोबर होतं. आधीच पोचलेल्या डेनिसने, विल्फ कार्डं तपासायला बसायचा त्या शेवटच्या टेबलावरून, त्याचं कार्ड परत सरकवलं होतं. “लिहिलेलं नाही म्हणजे नाही. नियम तो नियम.” त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं थेल्माने चहाच्या टाकीमागून पाहिलं होतं.

आता ती दारात थांबली.

“छापते की,” ती म्हणाली. “पण यंदा मी चहा करणार नाही. शेवटच्या टेबलावर बसून कार्डं मी तपासणार, शिक्का मी मारणार.”

“विल्फच्या खुर्चीत!” डेनिस भारावून म्हणाला. “वा! त्याला किती बरं वाटलं असतं.”

राईडच्या आधीच्या आठवड्यात वाट स्वतः फिरून बघायची, हा थेल्माचा नेम होता. तो पस्तीस वर्षांत चुकला नव्हता. गुडघ्यामुळे यंदा तिने तो दोन दिवसांत उरकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती उलियटच्या कोपऱ्यावर पोचली तेव्हा तिच्या छातीत भाता चालला होता. चढावर ती तीनदा सायकलवरून उतरली होती, आणि तिन्ही वेळा तिने विल्फला शिव्या घातल्या होत्या. मग एकदा, पांढरा बहर आलेल्या कुंपणापाशी, तिला रडू आलं. कारण इथे तो नेहमी मागे वळून ओरडायचा, “ये गं टपालवाले, पत्र उशिरा पोचेल!” आवडता माणूस आणि लबाड माणूस एकच निघाला की रडावं की चिडावं हे ठरत नाही. थेल्माने नाक शिंकरलं आणि चिडणं पुढे चालू ठेवलं.

कोपऱ्यावर दुधाचा जुना ओटा होता. पूर्वी शेतकरी दुधाची भांडी त्यावर आणून ठेवत आणि लॉरी ती उचलून नेई. आता चाळीस वर्षं तिथे दूध नव्हतं, नुसती हाताला लागली की आग करणारी रानटी झाडं होती. उलियटने गाई विकून डुकरं घेतली होती आणि त्याचा वास मैलभर आधीच पोचायचा.

उलियट ऐंशीचा, वाकलेला, फाटकावर हनुवटी टेकून उभा होता.

“कोण ते? टपालाची पोर?”

“त्र्याहत्तर वर्षांची पोर. तुझा ओटा हवाय मला, उलियट.”

“घेऊन जा. सायकलवर मावेल का?”

“त्यावर लिहायचंय.” आणि तिने सगळं सांगितलं. दगड, अक्षरं, डेनिसचा खांद्यावरचा हात. उलियट चावत चावत ऐकत होता. त्याच्या तोंडात काही नसलं तरी तो चावत असे.

“विल्फ?” तो शेवटी म्हणाला. “विल्फने शोधली ही गल्ली? अगं, तो दर वर्षी चुकून माझ्या डुकरांत शिरायचा! एकदा तर मीच त्याला हाताला धरून कोपऱ्यावर आणून सोडलाय. वाट कुणाची ते मला विचारा म्हणावं. पासष्ट साली हिमात माझ्या आईची औषधं घेऊन याच गल्लीतून कोण आलं होतं?”

थेल्माने बाहीने डोळे पुसले. पस्तीस वर्षांत हे कुणीतरी म्हणावं म्हणून ती थांबली होती, आणि म्हणालं कोण, तर डुकरंवाला उलियट.

“रडू नकोस,” तो म्हणाला. “रंग आहे. दारांना लावतो तो काळा. पण आधी चुना मारावा लागेल, नाहीतर अक्षर उठणार नाही.”

दोघांनी मिळून झाडं उपटली, हात भाजून घेतले, ओट्याला चुना मारला. तो वाळेपर्यंत फाटकाशी बसून पाव आणि चीज खाल्लं. मग थेल्मा ब्रश घेऊन उभी राहिली आणि अडली. टी. हार्कर लिहावं? छे, लोक टॉम समजतील. लग्नाआधीचं नाव? तसं केलं तर डेनिस म्हणेल, ही कोण बाई? हार्कर हे आडनाव तिने पन्नास वर्षं वापरलं होतं, धुतलं होतं, इस्त्री केलं होतं. ते आता तिचंही झालं होतं. तिने सावकाश, टपालाच्या पाकिटावर लिहितात तशा सरळ अक्षरात लिहिलं.

‘ही वाट थेल्मा हार्करने शोधली.’

“ठळक आहे,” उलियट म्हणाला. “माझ्या डुकरांनापण वाचता येईल.”

घरी येऊन तिने कार्डं छापली. एकशे सव्वीस. प्रश्न असा होता, ‘सत्तरावा किलोमीटर, उलियटचा कोपरा. दुधाच्या ओट्यावर काय लिहिलं आहे? पूर्ण लिहा.’ ‘पूर्ण’च्या खाली तिने रेघ मारली. समितीकडे एक जादा कार्ड नियमाप्रमाणे पाठवलं. डेनिसने न वाचता ठीक आहे म्हणून कळवलं. ही कार्डं त्याने कधीच वाचली नव्हती, ती बायकांची कामं.

राईडच्या दिवशी नऊ वाजता सगळे गेले. हॉलबाहेर पांढऱ्या चादरीखाली दगड उभा होता. नोरीन, जिने थेल्माबरोबर तीस वर्षं चहा केला होता, ती टाकी तापवत होती.

“तू आज फार गप्प आहेस,” नोरीन म्हणाली.

“मी आयुष्यभर गप्प होते. आज फक्त बसलेय.”

दोनच्या सुमाराला पहिला आला. लीड्सचा, लांब पायांचा, ओळखीचा नव्हता. त्याने कार्ड पुढे केलं. थेल्माने चष्मा लावला आणि उत्तर वाचलं. घाईघाईच्या अक्षरात, घामाचा डाग पडलेलं, पण पूर्ण. तिने शिक्का मारला.

“या थेल्मा हार्कर कोण हो?” त्याने विचारलं. “अजून आहेत का त्या? तो उतार म्हणजे काय सांगू तुम्हाला.”

“आहे,” थेल्मा म्हणाली. “चहा तिकडे.”

मग ते येतच राहिले. एकेक, दोघं, घोळक्याने. निळ्या पेनाने, पेन्सिलीने, एकाने तर वाटेत पेन सापडेना म्हणून चिखलाच्या काडीने लिहिलं होतं. प्रत्येकाने तिचं नाव आपल्या हाताने लिहून आणलं होतं, आणि ती ते प्रत्येक वेळी वाचत होती. क्लबचे लोक आले तेव्हा मात्र वेगळं झालं. खजिनदाराने कार्ड ठेवलं आणि खाली बघितलं. “थेल्मा, आम्हाला...” तो म्हणाला. तिने शिक्का आपटला. “पुढचा.” रांगेतून ती कुजबुज चहाच्या टेबलापर्यंत गेली, तिथून बाहेर गेली. लोक कप घेऊन चादरीभोवती उभे राहू लागले. चादरीखाली काय लिहिलंय ते क्लबच्या पत्रकात छापलेलंच होतं.

साडेपाचला डेनिस आला. सर्वांत शेवटी. तोंड लाल, आणि ते काही सगळंच चढाने नव्हे. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं. सगळे शिक्के होते. उत्तराची जागा कोरी होती.

“हे काय केलंस तू?” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“उत्तर लिहिलेलं नाही.”

“थेल्मा, बाहेर एवढे लोक उभे आहेत. मी तो ओटा बघितला. काय लिहिलंय ते मला माहितेय. तुलाही माहितेय की मी तिथे होतो.”

“मला माहीत असून काय उपयोग?” थेल्मा म्हणाली. आवाज चढलाच, हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. “पस्तीस वर्षं मला माहीतच होतं, डेनिस. विल्फलाही माहीत होतं. लिहिलेलं नाही म्हणजे नाही. हे तूच त्या हलच्या सुताराला सांगितलंस, आणि मी टाकीमागून ऐकलं.”

डेनिसने इकडेतिकडे पाहिलं. नोरीन टाकीचा नळ बंद करून बघत उभी होती. चौतीस राईडी पुऱ्या केल्याचा डेनिसला मोठा गर्व होता, आणि पस्तिसावी या टेबलावर अडली होती. त्याने पेन मागितलं. थेल्माने दिलं. त्याने वाकून लिहिलं, टी. हार्कर.

“पूर्ण,” थेल्मा म्हणाली. “रेघ मारलीय खाली.”

त्याने ते खोडलं आणि पूर्ण लिहिलं. लिहायला त्याला बराच वेळ लागला. थेल्माने कार्ड चष्म्याजवळ धरून वाचलं, अक्षर न् अक्षर, आणि शिक्का असा मारला की टेबलावरची बशी उडाली.

“आता त्या दगडाचं काय करू?” डेनिस म्हणाला. पहिल्यांदाच तो तिला खरोखर काहीतरी विचारत होता.

एकशे सव्वीस कार्डांचा गठ्ठा करून थेल्माने त्याला रबर लावलं आणि तो पिशवीत टाकला.

“दगड तुझा, चादर तुझी. काढ नाहीतर झाकून ठेव,” ती म्हणाली. “आणि चहा तुझा तूच ओतून घे.”